वेरमागुड्याच्या चुलीचे दगड

गाडीतून उतरल्याबरोबर नूतनला आधी दिसले ते दगड. फाटकापासून थेट पायरीपर्यंत, वाटेच्या दोन्ही अंगांनी ओळीनं मांडलेले. एक पांढरा, एक लाल. चुना आणि गेरू अजून पुरता वाळलाही नव्हता. कचेरीपुढं, शाळेपुढं, पोलीस ठाण्यापुढं असतात तसे. मोठा माणूस येणार असला की आपल्याकडं माणसांच्या आधी दगडांना आंघोळ घालतात.

ती दोन पावलं चालली आणि थबकली. हे नदीतले गोल गोटे नव्हते. ओबडधोबड होते, वरून चपटे. एका दगडाच्या पोटाशी चुना नीट बसला नव्हता, तिथं काळं दिसत होतं. तिनं वाकून बोट लावलं. काजळी होती.

"नंदिनी!"

सिस्टर नंदिनी आतून पळत आली. इतकी वर्षं बरोबर काम केलेली बाई, पण आज वर मान करून पाहायला तयार नव्हती.

"हे चुलीचे दगड आहेत ना?"

"मॅडम, मी इथी नोहती हो. मले एटापल्लीले मीटिंगले बोलावलं. ठेकेदाराचे मजूर आले, म्हणाले हे काळे दगड काऊन पडून आहेत, वाटेले लावून देऊ. चुली मोडल्या, फरशी घातली, अन् दगड..." तिनं ओळीकडं हात केला. 

"आणि बाया?"

"गेल्या. काल सकाळीच. आपापल्या पाड्यावर."

"सगळ्या?"

"एक नाई थांबली."

"दिव्यानी?"

नंदिनीनं मान हलवली. "तिले तर सासूच घेऊन गेली. जुरीबाई. जाताना मले एक शब्द नाई बोलली, मॅडम. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं."

नूतनच्या मस्तकात तिडीक गेली. दिव्यानीचे दिवस भरत आले होते. पहिल्या वेळी घरीच बाळंत झाली तेव्हा तिच्या अंगावरून इतकं गेलं की ती वाचली हेच नवल. ह्या वेळी तिनं इथंच राहायला हवं होतं, दवाखान्याच्या भिंतीला भिंत लावून. आणि ती पोर पुन्हा डोंगरावरच्या पाड्यात जाऊन बसली होती, जिथं गाडी अर्ध्या वाटेपर्यंतच जाते. का, तर उद्या उद्घाटनाला पाहुणे येणार होते.

आता थांबाघर म्हणजे काय, ते सांगायला हवं. सरकारी कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे, पण लोक म्हणतात थांबाघर. गडचिरोलीच्या जंगलात पाडे लांबलांब, मध्ये नाले, मध्ये डोंगर. कळा सुरू झाल्यावर बाई निघाली तर पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. म्हणून दिवस भरत आले की तिनं आधीच यावं, दवाखान्याशेजारी थांबावं, बाळंत व्हावं, आणि लेकरू घेऊन घरी जावं. एवढंच. ही साधी गोष्ट वेरमागुड्याला पहिल्यांदा उभी केली ती नूतन भैसारेनं. ती तेव्हा इथली नवी डॉक्टर होती, आणि आता मुंबईच्या कार्यालयात सगळ्या राज्याच्या आरोग्याचा हिशेब मांडणारी मोठी अधिकारी झाली होती.

नूतन सिंदेवाहीकडची. वडील सोमाजी तिथल्या धान संशोधन केंद्रावर रोजंदारीला जात. आई बायनाबाई लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणीला, कापणीला. कुडाच्या भिंतीवर भगवान बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. संध्याकाळी मेणबत्ती लागायची, तिघं मिळून वंदना म्हणायची, मग भाताचं भांडं उतरायचं.

नूतनच्या आधी बायनाबाईला एक मुलगा झाला होता. पोट दुखायला लागलं तसं सोमाजीनं तिला बैलबंडीत घालून एका दवाखान्यात नेलं. तिथं तिला तहान लागली. तिनं माठाकडं हात केला, तर तिथल्या बाईनं तिला ओंजळ धरायला लावली आणि हातभर वरून पाणी ओतलं. बुद्धाचा धर्म घेऊन लोकांना एक पिढी होत आली होती, पण त्या माठाला ते कोणी सांगितलं नव्हतं. बायनाबाईनं ओंजळ सोडून दिली. पाणी जमिनीवर गेलं. ती उठली आणि चालायला लागली. मूल वाटेत झालं, पळसाखाली. ते रडलं नाही.

ही गोष्ट बायनाबाईनं लेकीला कधी रडून सांगितली नाही. सुपात तांदूळ पाखडता पाखडता सांगायची. "तहान लय होती वं," म्हणायची, "पण तशा पाण्याची नोहती."

गावातले लोक म्हणत, बाई हट्टी, हट्टापायी लेकरू गमावलं. नूतनला लहानपणापासून राग येत आला तो ह्याच बोलण्याचा. उठून गेलेल्या बाईला सगळ्यांनी नावं ठेवली. पाणी ओतणारीला कोणी काही म्हटलं नाही.

मराठी शाळेत शिकून ती नागपूरला डॉक्टर झाली. शिक्षा म्हणून लोकांना जिकडं पाठवतात ते वेरमागुडा तिनं मागून घेतलं. आली तेव्हा दवाखान्यात खाटा होत्या, औषधं होती, बाया नव्हत्या. समजावून आणली तरी बाई एक रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी खाट रिकामी. आधीचा डॉक्टर जाताना सांगून गेला होता, "हे लोक असेच आहेत." नूतनला ते वाक्य ओळखीचं वाटलं. तिच्या आईबद्दल लोक असंच बोलत.

मग ती जुरीबाईच्या पाड्यावर गेली. जुरीबाईची थोरली लेक अशीच दवाखान्यातून उठून गेली होती. नूतननं विचारलं, काऊन गेली? जुरीबाई तिच्याकडं बघत राहिली, जणू हे विचारायची गोष्ट आहे का.

"तुह्या इथी चूल कुठी हाय?"

त्या डोंगरावरच्या पाड्यांत रीत अशी, की दिवस भरलेल्या बाईनं आपल्या चुलीचंच खावं, आपल्याच माणसाच्या हातचं. परगावी राहायची वेळ आली तर घरच्या चुलीचा एक दगड सोबत न्यायचा आणि दोन तिथले घ्यायचे. तो एक दगड असला की ती चूल घरचीच. तिच्यावरची तांदळाची आंबील पोटातल्या जिवाला ओळखते, असं त्या म्हणतात. ज्याचा त्याचा देव ज्याला त्याला ठाऊक, पण चुलीपुढं हात जोडणारी माणसं मी सगळ्या धर्मांत पाहिली आहेत.

नूतननं दवाखान्यामागं वेळूच्या तट्ट्यांची एक ओसरी घातली. "दगड घेऊन या," एवढाच निरोप पाड्यापाड्यावर धाडला. आणि बाया आल्या. डोक्यावर टोपलं, टोपल्यात तांदूळ, मडकं आणि तो दगड. मागून सासू, नवरा, शेळी, दोन कोंबड्या. दवाखान्यामागं जत्राच भरली. ॲम्बुलन्सचा ड्रायव्हर जहीर म्हणायचा, "मॅडम, ये दवाखाना हाय का मुर्गीबाजार?" पण त्या साली एकही बाई वाटेत बाळंत झाली नाही. ना तिच्या पुढच्या साली.

ओसरी पक्की व्हावी म्हणून नूतन वर गेली. एका साहेबानं कागद चाळून विचारलं, "डॉक्टर, भावना ठीक आहेत, पण ह्यातून निष्पन्न काय? चुलीवर खर्च कशाच्या आधारावर दाखवायचा?" आणि सही न करता कागद परत सरकवला.

त्या रागातून ती अर्थशास्त्र शिकायला गेली. आधी टपालानं, दिव्याखाली, मग शिष्यवृत्तीवर परदेशात. पत्रूमामानं तर गावभर सांगितलं, "डॉक्टर झाली, आता पैशाचं शिकाले चालली. औषध काय व्याजानं देशीन का वं?" सगळे हसले. बायनाबाई हसली नाही. ती म्हणाली, "जाऊ दे तिले. ज्या भाषेत ते नाई म्हणतात, ती भाषा शिकून येन ती."

नूतन ती भाषा शिकून आली. बाई दवाखान्यात थांबली तर घरी कोणाचं काम अडतं, मोह कोण वेचणार, लहान पोरांना कोण सांभाळणार, हे कोणी मोजतच नव्हतं. तिनं ते मोजलं, आणि साहेबांच्याच भाषेत दाखवून दिलं की थांबाघरातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे ती चूल. तेच साहेब टाळ्या वाजवायला उभे राहिले. योजना मंजूर झाली, जंगलातल्या सगळ्या तालुक्यांसाठी. पण कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जाता जाता 'ओसरी व चुली' हे शब्द गळाले आणि तिथं 'मध्यवर्ती स्वयंपाकघर, ठेकेदारामार्फत' असं येऊन बसलं. नूतननं हरकत लिहून दिली. उत्तर आलं, 'नोंद घेतली.' पुन्हा लिहिलं. पुन्हा 'नोंद घेतली.' आणि आता त्या योजनेचं उद्घाटन वेरमागुड्यालाच होतं, आणि भाषण तिचं होतं.

डॉक्टर घोरमाडे दालनात माईक तपासत होते. ते तिचे वरिष्ठ. माणूस गोड बोलणारा, इतका की त्यांच्याशी भांडून बाहेर पडलेल्याला आपणच चुकलो असं वाटायचं.

"या मॅडम! बघा तुमचं स्वप्न. फरशी बघा, खाटा बघा, गॅस बघा."

"बाया कुठं आहेत, सर?"

"येतील हो. उद्यापुरत्या तालुक्याहून बोलावल्यात."

"गरोदर आहेत?"

"आहेत काही. बाकीच्या पदर घेऊन बसतील. फोटोत काय कळतं?"

नूतनला हसू आलं, पण ते असं होतं की घोरमाड्यांनी माईक खाली ठेवला.

"सर, चुली कोणाला विचारून फोडल्या?"

"अहो, धूर! भिंती काळ्या. आणि ते दगड म्हणजे तीन तीन दगडांचा पसारा. आता पाहुण्यांना दगड दाखवायचे का? तुम्ही तर अर्थशास्त्र शिकलेल्या. एका ठिकाणी शिजवलं तर किती सोपं पडतं, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"सोपं पडतं, सर. खाणारी नसली की फारच सोपं पडतं."

ती बाहेर आली, वाटेच्या कडेला बसली आणि पहिला दगड उचलला. हाताला चुना लागला, साडीला गेरू.

"जहीरभाई, गाडी मागं लावा."

जहीर आता थकला होता, पण ती येणार म्हटल्यावर त्यानं ही गाडी मागून घेतली होती. "मॅडम, हे पत्थर? साहेबाची वाट उघडी पडन ना."

"पडू दे."

नंदिनीनं क्षणभर आतल्या दालनाकडं पाहिलं. मग पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूचे दगड उचलायला लागली. घोरमाडे पायरीवर आले तेव्हा अर्धी ओळ गाडीत होती.

"मॅडम, काय करताय? रंगकाम झालंय त्याचं!"

"म्हणूनच लवकर नेते. धुवायचेत."

धानाची कापणी संपत आली होती. रिकाम्या बांध्यांतून गाडी डोंगराच्या पायथ्याला गेली, पुढं दगड डोक्यावर घेऊन चढावं लागलं. जहीर एकेका दगडामागं अल्लाचं नाव घेत होता. उन्हं उतरत होती. नूतनच्या मनात मात्र आईचा आवाज. बायनाबाई नेहमी सांगायची, राग धरू नोको, भगवंतानं सांगितलं आहे, राग धरणाराच आधी जळतो. नूतन म्हणायची, आई, तू धरला नाहीस, मग कोण जळलं?

जुरीबाई अंगणात वेळूच्या कामट्या सोलत बसली होती. उठली नाही. लालसू, तिचा मुलगा, पाणी घेऊन आला. दिव्यानी दाराच्या आड उभी होती. पोट मोठं आणि चेहरा कागदासारखा.

नूतननं दगड अंगणात ठेवले. चुन्याखाली कोणता कोणाचा ते कळत नव्हतं, म्हणून जमले तेवढे आणले होते. जुरीबाईनं कामटी बाजूला ठेवली आणि एकेक दगड उलटून पाहू लागली.  एका दगडाची एक कड घासून खोलगट झाली होती. त्यावर तिचा हात थांबला.

"हा माह्या सासूचा," ती म्हणाली. "यावर ती विळा घासे." मग नूतनकडं न बघता, "याले पांढरा कोणी केला?"

"सरकारी मजुरांनी."

"तू कुठी होती?"

"मुंबईले."

"मुंबईत बसून चूल राखत होती का तू?"

 लालसू मध्ये पडला, "माय, डाक्टरीनबाईवर काऊन चिडून राह्यली? त्यायनं नाई केलं."

"मंग कोणावर चिडू? तिकडल्या साहेबाले मी ओळखत नाई. मी हिले ओळखतो. हिच्या शब्दावर माही लेक थांबाघरात राह्यली, माही सून राह्यली. हिच्या शब्दावर दगड धाडला. हिच्या घरचा दगड मी वाटेत मांडून लोकायले त्यावरून चालवलं असतं, तर?"

"बाई," नूतन खाली बसली, अगदी मातीत. "शिव्या दे. पण पोरीले घेऊन चल. मागच्या वेळी किती रगत गेलं, तुले माहीत हाय."

"मले सांगते का? माह्याच लुगड्यानं बांधली होती तिले."

"मंग चल ना वं."

जुरीबाईनं दारातल्या सुनेकडं पाहिलं. तिच्याही मनात काळजी होती, ती नूतनला दिसत होती. पण काळजी होती म्हणून अपमान गिळायचा, हे त्या घराला कधी कोणी शिकवलं नव्हतं. बायनाबाईलाही नव्हतं. तिथं, त्या मातीत बसून, नूतनला आपल्या आईचा राग पहिल्यांदा जवळून दिसला.

शेवटी जुरीबाईनं तो खोलगट कडेचा दगड उचलला आणि नूतनच्या हातात ठेवला.

"माह्या दगडाची चूल मांड. जिथी होती तिथीच. उद्या सकाळी मी पोरीले घेऊन दवाखान्याजवळच्या त्या टेकावर उभी राहीन. धूर दिसला तर येतो. नाई दिसला तर समजन, तुही सत्ता तिथी चालत नाई. मंग इथीच काय होईन ते होईन."

चुली होत्या त्या जागेवर आता फरशी होती, फरशीवर मांडव होता, आणि मांडवाच्या तोंडाशी लाल फीत. सकाळी बँडवाले अजून चहा पीत होते तेव्हा नूतन जुरीबाईचा दगड घेऊन आली आणि फितीच्या अलीकडं फरशीवर ठेवला. त्याला दोन दगड जोडले. नंदिनीनं माती कालवून बुड लिंपलं. जहीरनं लाकडं आणली, कोरडी आणि थोडी ओलीही. "धूर पाहिजे ना, मॅडम? मंग ओली बी लागते."

नूतननं डोळे मिटून त्रिशरण म्हटलं, जसं ती प्रत्येक अवघड बाळंतपणाआधी म्हणायची. मग काडी ओढली. मडक्यात पाणी आणि तांदूळ टाकले.

घोरमाडे धावत आले. "विझवा! आधी विझवा ते! गाड्या निघाल्यात तिकडून."

"माझी पेशंट ह्या धुराची वाट बघतेय, सर."

"मॅडम, मी तुम्हाला शहाण्या समजत होतो." त्यांनी आवाज खाली आणला, गोड केला. "तुम्हीच भाषणात सांगितलं होतं ना, तुमच्या आईला वरून पाणी ओतलं म्हणून? मग हे काय आहे? दुसऱ्याच्या हातचं खाणार नाही, हीच ती वृत्ती. तुमच्यासारख्या बाईनं भेदभावाची बाजू घ्यावी?"

आईची गोष्ट नूतननं एकदाच, एका सभेत सांगितली होती. ती अशी कोणाच्या खिशात जाऊन बसेल आणि अशा वेळी बाहेर निघेल, हे तिला ठाऊक नव्हतं. क्षणभर तिला चुलीतलं जळतं लाकूडच उचलावंसं वाटलं.

"माझ्या आईला दवाखान्यानं हाकललं होतं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मांडवभर गेला. "ह्या बायांनी कोणाला हाकललंय? कोणाला हातभर वरून पाणी ओतलंय? त्यांनी तुमच्याकडं फक्त तीन दगडांएवढी जागा मागितली. हाकललं ते तुम्ही. माझ्या आईचं नाव तुमच्या तोंडात पुन्हा आणू नका. माठ तुमच्या हातात आहे, घोरमाडे साहेब. ओंजळ त्यांची आहे."

बँडवाल्यांचे कप हवेत राहिले. घोरमाडे काही बोलणार तेवढ्यात सायरन वाजला आणि पाहुणे आत आले. वाऱ्यानं धूर बरोबर त्यांच्या तोंडावर गेला. ते खोकले. रुमाल काढला.

"हे काय आहे?"

घोरमाड्यांनी घेतलेला श्वास नूतनला ऐकू आला. आणि मग ते हसून म्हणाले, "काही नाही साहेब. आदिवासी पद्धतीचं स्वागत. अग्निपूजन."

पाहुण्यांनी चटकन बूट बाजूला काढले, चुलीपुढं हात जोडले, मान झुकवली. फोटोवाले पुढं धावले. कॅमेरे चमकले.

"हे स्वागत नाही, साहेब," नूतन म्हणाली. "ही चूल आहे. इथं होत्या त्या सगळ्या फोडल्या, म्हणून खाटा रिकाम्या आहेत. आत ज्या बाया दिसतील, त्यांतल्या बऱ्याच गरोदर नाहीत. विचारून बघा."

पाहुण्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. "वा. चांगला मुद्दा आहे. नोंद घ्या," असं शेजारच्याला सांगून त्यांनी बूट घातले आणि फीत कापली. टाळ्या वाजल्या.

त्या टाळ्या चालू असताना फाटकातून तिघं आत आली. पुढं लालसू, डोक्यावर टोपलं. मागं जुरीबाई, आणि तिच्या खांद्याचा आधार घेतलेली दिव्यानी. वाटेच्या कडा आता उघड्या होत्या, दगड उचलल्याचे खळगे तेवढे उरले होते. जुरीबाईनं मांडवाकडं, बँडकडं, पाहुण्यांकडं पाहिलंही नाही. ती चुलीपाशी आली, मडक्यात वाकून बघितलं आणि नूतनला म्हणाली, "मीठ टाकलं का?"

"नाई."

"डाक्टर झाली, पण आंबील काही येत नाई तुले." आणि ती बसली.

त्याच दिवशी दिव्यानी बाळंत झाली. मुलगी. अंगावरून पुन्हा खूप गेलं. पण ह्या वेळी भिंतीपलीकडं डॉक्टर होते, रक्त होतं, आणि नूतन स्वतः बाह्या सरसावून उभी होती, गेरूच्या डागाची साडी नेसून. पोर वाचली, तिची पोरही वाचली. जुरीबाईनं बाहेर चूल विझू दिली नाही.

पुढं झालं ते असं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पाहुण्यांचा चुलीपुढं हात जोडलेला फोटो आला. ज्या चुलीला पाहुण्यांनी नमस्कार केला ती फोडायची छाती मग कोणाची झाली नाही. वेरमागुड्याच्या चुली परत मांडल्या गेल्या. काही दगडांवरचा चुना निघाला नाही, तो काजळीखाली गेला. तालुक्याहून आणलेल्या बाया त्याच संध्याकाळी परत गेल्या. घोरमाड्यांना त्या साली चांगल्या कामाचा सन्मान मिळाला, आणि त्यांनी भाषणात 'लोकपरंपरांचा आदर' असं म्हटलं. आणि डॉक्टर नूतन भैसारे यांना 'कामाच्या सोयीसाठी' एका प्रशिक्षण संस्थेत पाठवण्यात आलं, जिथं खुर्ची आहे, पंखा आहे, आणि सही करायला काही नाही.

बाकीच्या तालुक्यांत ठेकेदाराचं स्वयंपाकघर चालूच राहिलं. खाटा रिकाम्या, ताटं भरलेली, आणि बाया वाटेत. नूतनला जास्त राग आला तो ह्याचा. वेरमागुड्याच्या चुलीला लाजेखातर सोडलं, आणि बाकीच्यांचा नंबर लावून ठेवला.

बायनाबाईचा फोन आला. तिला पत्रूमामानं फोटो दाखवला होता.

"नोकरी गेली का वं?"

"नाई आई. खुर्ची गेली."

"चालते. जमिनीवर बसता येते तुले." थोडा वेळ फोनवर नुसता पाखडल्याचा आवाज. मग, "राग गेला का?"

"नाई."

"जाऊ नोको देऊ," बायनाबाई म्हणाली. भगवंताचं नाव घेऊन राग सोडायला सांगणारी तीच बाई. "पण जेवून घे आधी."

नूतन जेवायला बसणार तोच पुन्हा फोन वाजला. दुसऱ्या तालुक्यातली एक सिस्टर होती, ओळखीची नव्हती, नंदिनीनं नंबर दिला होता. आवाज दबलेला.

"मॅडम, आमच्या थांबाघराचं उद्घाटन आहे सोमवारी. मजुरायनं चुली मोडल्या. दगड बाहेर काढून राह्यले, अन् चुन्याची बादली भिजवली आहे."

"बाया आहेत का अजून?"

"आहेत. टोपले बांधून राह्यल्या."

"दगड आत घे. हात लावू देऊ नको कोणाला."

"पण मॅडम, मी कोणाच्या नावानं सांगू? तुमची तर बदली..."

"माझ्या आईच्या नावानं सांग," नूतन म्हणाली. ताटावर ताट झाकलं आणि जहीरला फोन लावला.